आधी मान, मग दात: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या दातांची निगा

माझी लेक दीड वर्षाची होती तेव्हा रोज रात्री दात घासायच्या वेळी आम्ही दोघी रडायचो. ब्रश ओठांना लागला की तिची मान मागे जायची, पाठीची कमान व्हायची, हात ताठ व्हायचे आणि दातखीळ बसायची. मला वाटायचं हा हट्ट आहे. मी हनुवटी धरून तोंड उघडायला बघायचे, तशी ती आणखी ताठ व्हायची. एकदा तिच्या फिजिओथेरपिस्ट ताईंच्या समोरच हा प्रकार झाला. ब्रशबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी लेकीची कंबर खुर्चीत पार मागे सरकवली, गुडघे वाकवले, तळपायांखाली एक ठोकळा दिला आणि डोक्यामागे हात धरून मान अगदी थोडी पुढे आणली. मग म्हणाल्या, "आता गालाला हात लावून बघा." लावला, तर जबडा सैल होता.

आज ती ११ वर्षांची आहे. या वर्षांत दातांबद्दल जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं मला त्या दहा मिनिटांत कळलं होतं. आपल्या मुलांच्या बाबतीत दात घासायची सुरुवात कंबर आणि मानेपासून होते. ज्यांच्या घरी सेरेब्रल पाल्सीचं निदान नुकतंच झालं आहे, किंवा ज्यांच्या बाळाला पहिला दात येतो आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

धोका नेमका कुठे आहे

सेरेब्रल पाल्सीमुळे थेट दात किडत नाहीत. मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो, आणि बाकीचं सगळं त्यातून येतं. तोंडातला घास जीभ नीट फिरवू शकत नाही, म्हणून अन्न गालात आणि टाळूला चिकटून राहतं. निरोगी माणूस जेवल्यावर नकळत जिभेने दात पुसत असतो, आपल्या मुलांना ते जमत नाही. जेवण मऊ, कुस्करलेलं असतं आणि हळूहळू चालतं, त्यामुळे दात तासन्‌तास अन्नात बुडालेले राहतात. ओठ मिटत नसतील तर मूल तोंडाने श्वास घेतं आणि पुढच्या हिरड्या कोरड्या पडून सुजतात. त्यात काही मुलांच्या दातांवरचं कवच, म्हणजे इनॅमल, मुळातच नीट तयार झालेलं नसतं. दुधाच्या दातांचं इनॅमल आईच्या पोटात असतानाच बनायला लागतं, त्यामुळे तेव्हाचा किंवा जन्माच्या आसपासचा आघात दातांवरही उमटू शकतो. दात येतानाच त्यावर पांढुरके, पिवळे किंवा तपकिरी चट्टे अथवा खळगे दिसले, तर ते दात लवकर किडणार हे ओळखून तपासणीला जरा लवकरच जा.

वरचे पुढचे दात बाहेर येणं, वरच्या-खालच्या दातांमध्ये फट राहणं हेही या मुलांमध्ये बऱ्याचदा दिसतं. जीभ सतत पुढे रेटली जाते आणि ओठांचा दाब कमी पडतो, त्यामुळे असं होतं. त्यात तुमची काही चूक नाही. पण असे दात पडल्या-झडल्यावर पहिल्यांदा मार खातात, म्हणून चालायला शिकणाऱ्या किंवा फिट्स येणाऱ्या मुलाकडे त्या दृष्टीने लक्ष ठेवा.

पहिली पायरी: बसवणं

ही पायरी घाईने उरकू नका. बाकीच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

मूल स्वतःच्या खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसत असेल तर तिथेच घासा. बेसिनपाशीच उभं केलं पाहिजे असं काही नाही. एक भांडं, एक पेला पाणी, एक टॉवेल आणि चांगला उजेड एवढं जवळ असलं की झालं. खुर्चीचे ब्रेक लावा. कंबर खुर्चीच्या कोपऱ्यापर्यंत मागे, नितंब आणि गुडघे दोन्हीकडे काटकोन, पाय टेकलेले. लोंबकळणाऱ्या पायांनी अख्खं शरीर ताणलं जातं, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. मग तुम्ही मुलाच्या मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला किंवा छातीला टेकवा आणि डावा हात हनुवटीखाली असा धरा की अंगठा गालावर आणि बोटं जबड्याच्या कडेला येतील. उजव्या हातात ब्रश. डावखुरे असाल तर उलटं.

आता दोन गोष्टी सांभाळायच्या. डोकं मधोमध हवं आणि हनुवटी जराशी खाली हवी. डोकं मागे पडलं की बऱ्याच मुलांचं सगळं अंग ताठ होतं, तोंड एक तर उघडं राहतं किंवा घट्ट मिटतं, आणि गिळणं अवघड होऊन ठसका लागतो. डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचे हातपाय सरळ ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे दुमडतात, धनुष्य ओढणाऱ्या माणसासारखे. या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत, मूल त्या मुद्दाम करत नाही. अशा वेळी ताणलेला हात दाबून सरळ करायला जाऊ नका. डोकं मध्यावर आणा, थोडं थांबा, हात आपोआप सुटतो.

लहान बाळाला मांडीवर घेता येतं. दोन मोठी माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. बाळाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या कमरेभोवती. एकाने घासायचं, दुसऱ्याने हात धरून बोलत राहायचं. ज्याला वारंवार ठसका लागतो किंवा ज्याला निमोनिया होऊन गेला आहे, त्याला मात्र पाठीवर आडवं करून कधीही घासू नका. त्याला बसतं ठेवा, आणि बसवणं अगदीच शक्य नसेल तर कुशीवर घेऊन गालाखाली टॉवेल ठेवा, म्हणजे पाणी आणि लाळ बाहेर गळेल. तुमच्या मुलासाठी नेमकी कोणती बैठक योग्य, हे त्याच्या फिजिओथेरपिस्टला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष ब्रश हातात घेऊन विचारा. बहुतेक पालक त्यांना चालण्याबद्दल आणि हातांबद्दल विचारतात, दातांबद्दल विचारायचं राहून जातं.

दुसरी पायरी: स्पर्शाची ओळख

काही मुलांच्या तोंडाभोवतीची जागा इतकी नाजूक असते की हलका स्पर्शसुद्धा बोचतो. त्यातल्या त्यात हलका, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श अधिक त्रास देतो. तळहाताचा ठाम, स्थिर दाब सहन होतो. म्हणून सुरुवात तोंडापासून लांब करा. आधी हात, मग खांदा, मग गाल, मग ओठांच्या कडा. प्रत्येक ठिकाणी तळहात टेकवून मनात पाच आकडे मोजा आणि पुढे सरका. ओठांपर्यंत कुरबुर न होता पोचायला आम्हाला जवळजवळ ३ आठवडे लागले. मग स्वच्छ बोटाला ओला गॉझ गुंडाळून बाहेरच्या हिरड्यांवरून फिरवायचं. मग कोरडा ब्रश. पेस्ट सगळ्यात शेवटी.

रोज तीच जागा, तीच वेळ, तेच शब्द. आमच्याकडे "आता वरचे" आणि "आता खालचे" अशी दोनच वाक्यं आहेत आणि मोठ्याने दहापर्यंत मोजणं. दहा म्हटलं की ब्रश बाहेर, मग ती ओरडत असो वा हसत असो. हे पाळलंत की मुलाला शेवट कुठे आहे ते कळतं आणि निम्मी भीती जाते. बोलता न येणाऱ्या मुलालाही "थांब" म्हणायची एक खूण द्या, डोळे मिटणं किंवा हात उचलणं, आणि ती खूण आली की खरंच थांबा. अचानक मागून येऊ नका, नळ धाडकन सोडू नका. दचकण्याची क्रिया या मुलांमध्ये तीव्र असते आणि एकदा दचकलं की पुढची पाच मिनिटं वाया जातात.

तिसरी पायरी: सामान

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा. दांडा तुमच्या हाताला नीट धरता येईल असा लांब. तीन बाजूंनी केस असलेले ब्रशही मिळतात. ते दाताच्या वर, आत आणि बाहेर एकाच वेळी लागतात, त्यामुळे तोंड थोडाच वेळ उघडं ठेवणाऱ्या मुलाला बरे पडतात. इलेक्ट्रिक ब्रश काहींना फार आवडतो, काहींना त्याची थरथर अजिबात चालत नाही. आणलाच तर आधी बंद ठेवून वापरा, मग हाताला लावून चालू करून दाखवा, मग गालाला. केस वाकले की ब्रश बदला, नाही वाकले तरी साधारण ३ महिन्यांनी बदला. ब्रश चावणाऱ्या मुलांच्या बाबतीत रोज घासण्याआधी केस आणि डोकं ओढून बघा, तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

पेस्ट फ्लोराइडची हवी, ट्यूबवर निदान १००० पीपीएम (दर दहा लाख भागांत फ्लोराइडचे भाग) लिहिलेलं. ३ वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. "थुंकता येत नाही, मग फ्लोराइड नको" असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो चुकीचा आहे. थुंकता येत नाही म्हणून पेस्ट कमी घ्यायची, सोडायची नाही. मोठ्या मुलालाही थुंकता येत नसेल तर तांदळाएवढीच घ्या, ब्रशच्या केसांत दाबून बसवा म्हणजे गोळा सुटणार नाही, आणि शेवटी उरलेला फेस गॉझने टिपून घ्या. फेस कमी होणारी पेस्ट मिळाली तर उत्तम. फेसाने उमासे येतात आणि काहीच दिसेनासं होतं. चूळ भरायचा आग्रह नको, फ्लोराइड दातांवर राहिलेलंच बरं. जे माउथवॉश गिळलं जाईल ते वापरू नका. क्लोरहेक्सिडिनसारखं औषध दंतवैद्याने सांगितलं तरच, आणि तेही तो सांगेल त्या पद्धतीने, गॉझवर किंवा ब्रशवर घेऊन. ते फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

आणि बोटांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलाच्या दातांच्या मध्ये स्वतःचं बोट कधीही घालू नका. दातखीळ बसल्यावर ती मुलालाही सोडवता येत नाही. माझ्या तर्जनीवर अजून वण आहे.

चौथी पायरी: प्रत्यक्ष घासणं

दिवसातून दोनदा घासायचं, आणि त्यातलं रात्रीचं कधीच चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते. सकाळी शाळेची गडबड असेल, सगळे दात नीट होणार नाहीत, चालतं. रात्रीचं मात्र सावकाश.

बाहेरच्या बाजूने सुरू करा, दात मिटलेले असतानाच. त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही, फक्त गाल बोटाने हळूच बाजूला घ्यायचा. मागच्या दाढांच्या बाहेरून ब्रश आत सरकवा आणि लहान गोल फिरवत पुढे या. ब्रश किंचित तिरका धरा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर, कारण घाण त्या कडेलाच साठते. वरचे पुढचे दात आणि त्यांच्यावरची हिरडी बहुतेकांना सगळ्यात जास्त टोचते, ती जागा शेवटी. बाहेरची बाजू झाली की तोंड थोडं उघडतंच. मग दाढांचे वरचे चावायचे भाग, आणि मग आतली बाजू. जिभेच्या मुळाकडे जाऊ नका, उमासा येतो.

काही दिवशी मध्येच सोडून द्यावं लागतं. म्हणून रोज एकाच कोपऱ्यातून सुरुवात करू नका. सोमवारी वरून उजवीकडून केलंत तर मंगळवारी खालून डावीकडून. नाहीतर तोच एक कोपरा महिनोन्‌महिने राहून जातो. आमचं हेच झालं होतं, खालच्या डाव्या दाढेची आतली बाजू, आणि तिलाच पहिली कीड लागली.

ब्रश दातांत पकडला गेला तर ओढू नका. ओढलं की चावा आणखी घट्ट होतो. ब्रश सोडून द्या किंवा स्थिर धरा, मुलाची मान हळूच पुढे आणा, हनुवटी छातीकडे, आणि कानाजवळ जबड्याच्या सांध्यावर बोटांनी गोल, ठाम चोळा. बोलू नका, घाई करू नका. जबडा सुटतो. सुटल्यावर "सोडलंस, छान" एवढं म्हणा.

तोंड उघडं ठेवायला आधार हवा असेल तर त्यासाठी रबराचे ठोकळे मिळतात. ते पुढच्या दातांमध्ये ठेवायचे नसतात. मागच्या दाढांमध्ये, एका बाजूला ठेवायचे आणि दुसरी बाजू घासायची. घशात सरकू नये म्हणून ठोकळ्याला दोरा बांधलेला असावा आणि तो दोरा तुमच्या हातात. दात हलत असतील तर ठोकळा वापरू नका. आणि घरी पहिल्यांदा वापरण्याआधी दंतवैद्याकडून एकदा हातात धरून शिकून घ्या. लाकडी चमचा किंवा पट्टी घालू नका, चिरफळ्या निघतात.

दोन दातांमधल्या फटी साफ करायला दांडीवर ताणलेला धागा मिळतो, फ्लॉस म्हणतात त्याला. शेजारचे दात एकमेकांना चिकटले असतील आणि मूल सहन करत असेल तर आठवड्यातून काही वेळा तरी तो फिरवा. आमच्याकडे हे वयाच्या सातव्या वर्षी सुरू झालं, त्याआधी जमलंच नाही.

खाणं, औषधं आणि गालातला घास

एकदा रात्री झोपताना लेकीच्या तोंडाला आंबूस वास आला. बॅटरी घेऊन पाहिलं तर उजव्या गालात, खालच्या हिरडीच्या बाहेर, दुपारच्या जेवणाचा लगदा तसाच होता, पांढरा, मऊ, साधारण शेंगदाण्याएवढा. सात-आठ तास. तिला तो जाणवतही नव्हता. तेव्हापासून प्रत्येक खाण्यानंतर ओल्या गॉझने किंवा मऊ स्पंजने दोन्ही गाल, टाळू आणि जिभेच्या खालची जागा पुसून काढायची हा आमचा नियम झाला. पाणी सुरक्षितपणे गिळता येत असेल तर वर दोन घोट पाणी. पाण्यालाही ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टने सांगितलं आहे तसंच दाट करून द्या, दातांसाठी म्हणून तो नियम मोडू नका.

गोड किती दिलं यापेक्षा किती वेळा दिलं हे दातांना जास्त बाधतं. प्रत्येक वेळी साखर तोंडात गेली की जंतू आम्ल तयार करतात आणि साधारण अर्धा तास दात त्यात राहतो. लाळेला ते धुऊन काढायला मध्ये मोकळा वेळ मिळाला पाहिजे. वजन वाढत नाही म्हणून आपल्या मुलांना दिवसभर थोडं थोडं भरवलं जातं. ते मी चुकीचं म्हणणार नाही, उष्मांक लागतातच. पण आहारतज्ज्ञाला आणि दंतवैद्याला एकमेकांचं म्हणणं कळू द्या. गोड पदार्थ जेवणाबरोबर द्या, मधल्या वेळी बिनगोड काही द्या, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काहीही नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर नकोच.

पातळ औषधांकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. फिट्सची, बद्धकोष्ठाची, तापाची पातळ औषधं बऱ्याचदा गोड पाकात असतात आणि ती वर्षानुवर्षं चालतात. "हेच साखर नसलेलं मिळेल का?" असं डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानात विचारा. नसेल मिळत तर रात्रीचा डोस दात घासण्याआधी द्या. औषध बंद मात्र कधी करू नका.

काही औषधं दुसऱ्या वाटेने त्रास देतात. फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाने हिरड्या जाड होऊन दातांवर चढू शकतात. स्वच्छता चांगली असेल तर हे बरंच आटोक्यात राहतं, आणि फार वाढलं तर औषध बदलता येईल का याचा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांचा. लाळ कमी करायला ग्लायकोपायरोलेट किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल दिलं जातं. लाळ गळणं थांबलं म्हणून आपल्याला हायसं वाटतं, पण लाळ हेच दातांचं संरक्षण आहे, ती आटली की कीड वाढते. अशी औषधं सुरू झाली की दंतवैद्याला कळवा. आणि लाळ गळते म्हणजे लाळ जास्त तयार होते असं नाही. बहुतेक वेळा ती गिळली जात नाही, एवढंच असतं.

पोटातलं आम्ल वर येण्याचा त्रास असेल किंवा मूल ओकलं असेल तर लगेच ब्रश करू नका. आम्लाने इनॅमल मऊ झालेलं असतं, घासलं की झिजतं. पाण्याने तोंड पुसून घ्या आणि निदान अर्धा तास थांबा.

नळीने अन्न घेणारी मुलं

"तोंडाने काही खातच नाही, मग दात कशाला घासायचे?" हा प्रश्न मला इतक्या आयांनी विचारला आहे की वेगळं लिहिलंच पाहिजे. नळीवरच्या मुलांच्या दातांवर कीटण, म्हणजे कडक झालेला थर, उलट जास्त साठतं. चघळण्याने जे घासलं जातं तेही इथे होत नाही. आणि अस्वच्छ तोंडातली जंतूंनी भरलेली लाळ श्वासनलिकेत उतरली तर फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो. या मुलांसाठी तोंड साफ ठेवणं हे फुप्फुसं साफ ठेवणंच आहे.

त्यांना बसतं ठेवा, नळीने अन्न दिल्यावर लगेच घासू नका, थोडा वेळ जाऊ द्या. ब्रश बुडवून निथळून घ्या, टपटपता नको. पेस्ट अगदी पुसट. घरी सक्शनचं, म्हणजे लाळ ओढून घेणारं, यंत्र असेल तर ते शेजारी चालू ठेवा; सक्शनला जोडता येणारे ब्रशही असतात. ओठांना आधी थोडं पेट्रोलियम जेली लावा, कोरडे ओठ ताणले की फाटतात.

दंतवैद्याकडे पहिली खेप

पहिला दात आल्यानंतर, वयाचं पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत जा. दुखायला लागल्यावर गेलात तर मुलाची पहिली आठवण दुखण्याची होते. बालदंतरोगतज्ज्ञ मिळाला तर त्याच्याकडे, कारण विशेष मुलांना हाताळणं त्याच्या प्रशिक्षणाचाच भाग असतो.

आमची पहिली खेप वाईट गेली. लेकीला खुर्चीत बसवलं आणि कुणी काही बोलायच्या आत बटण दाबून खुर्ची मागे घेतली गेली. ती दचकली, ताठ झाली, खुर्चीवरून घसरायला लागली आणि दिवा तोंडावर आला. पुढे सहा महिने पांढरा कोट दिसला की ती रडायची. पुढच्या डॉक्टरांना मी फोनवरच सगळं सांगितलं. त्यांनी तिला तिच्या व्हीलचेअरमध्येच ठेवून तपासलं, स्वतः स्टूल घेऊन खाली बसले आणि पहिल्या दिवशी फक्त आरसा दाखवला. त्या दिवशी तपासणी म्हणून काहीच झालं नाही, आणि माझ्या मते तीच आमची खरी पहिली तपासणी.

म्हणून वेळ घेतानाच सांगा: मूल कसं बसतं, डोकं मागे गेलं की काय होतं, कोणत्या आवाजाने दचकतं, "हो" आणि "नाही" कसं सांगतं. मूल ताजंतवानं असतं ती वेळ मागा. जाताना औषधांची डोसासकट यादी, शेवटची फिट कधी आली, डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) किंवा पोटापाशी बॅक्लोफेनचा (ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा) पंप बसवला आहे का, लॅटेक्सची (हातमोज्यांच्या रबराची) ॲलर्जी आहे का, हे कागदावर न्या. व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध चालू असेल आणि दात काढायचा असेल तर आवर्जून सांगा, त्याने रक्त थांबायला वेळ लागू शकतो. फिट्सचं औषध त्या दिवशीही वेळेवर द्या. खुर्चीत न्यावंच लागलं तर गुडघ्यांखाली आणि मानेखाली उशी मागा, खुर्ची सांगून आणि हळू मागे घ्यायला सांगा, पूर्ण आडवी नको म्हणा. हे सांगताना संकोच करू नका.

काय काय विचारायचं? फ्लोराइड वार्निश ३ ते ६ महिन्यांनी लावतात. ब्रशने लावायचं औषध आहे, लाळ लागताच दातावर घट्ट होतं, थुंकावं लागत नाही, त्यामुळे आपल्या मुलांसाठी फार सोयीचं. साधारण ६ व्या वर्षी पहिली पक्की दाढ येते, तिच्या खाचा बुजवायला सिलंट, म्हणजे एक पातळ संरक्षक थर, लावता येतं. छोटी कीड असेल आणि मूल ड्रिलिंग सहन करण्यासारखं नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या दातावर लावायच्या औषधाबद्दल विचारा. त्याने कीड थांबवता येते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दाढेला मी ते आनंदाने लावून घेतलं. खूप दात एकदम खराब असतील तर पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं काम करतात. ते ऐकून छातीत धस्स होतं, पण भूलतज्ज्ञाला सगळी माहिती देऊन नीट सोय असलेल्या ठिकाणी केलं तर पुन्हा पुन्हा धरून बसवण्यापेक्षा ते मुलासाठी सोपं असू शकतं.

जागेवरच्या इंजेक्शनने ओठ बधिर केला असेल तर पुढचे काही तास मुलाकडे बघत राहा. बधिर ओठ, गाल, जीभ चावून मोठी जखम होते आणि त्याला ती कळत नाही. तोवर खायला देऊ नका.

दात खाणं

झोपेत किंवा जागेपणी दात खाणं या मुलांमध्ये खूप दिसतं. आवाज ऐकून आपला जीव कासावीस होतो. कधी ते नुसती सवय असतं, कधी त्यामागे दात किंवा कान दुखणं असतं, कधी पोटातलं आम्ल. झिजून दात आखूड किंवा दुखरे होत नसतील तर बऱ्याचदा फक्त लक्ष ठेवतात. दातांवर घालायचं कवच प्रत्येक मुलाला चालत नाही. ते तुटून घशात जाण्याची किंवा ठसका लागण्याची भीती असेल तर दंतवैद्यच नको म्हणतात.

दुखतंय हे कसं ओळखायचं

बोलता न येणारं मूल दाढ दुखते असं सांगू शकत नाही. ते एका बाजूने खाणं सोडतं, आवडतं खाणंही नाकारतं, रात्री उठून रडतं, कान किंवा गाल आपटतं, लाळ एकदम वाढते. कधी काही दुखल्याने ताठरपणा वाढतो, फिट्स वाढतात आणि आपण औषधांचे डोस बदलत बसतो. असा अचानक बदल दिसला की तोंडात बॅटरीने बघा आणि दंतवैद्यालाही दाखवा. गालावर किंवा जबड्याखाली सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी जा. सूज गळ्याकडे उतरत असेल, गिळता किंवा श्वास घेता येत नसेल तर थेट इस्पितळात.

दात हलला किंवा पडला तर

सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचे दात हलायला लागले की जास्त जपा. ठसका लागणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत सुटलेला दात जाऊ शकतो. फार हलत असेल तर दंतवैद्याकडून काढून घ्या. पडला आणि सापडत नसेल, आणि खोकला किंवा श्वासाची घरघर सुरू झाली, तर वाट बघू नका.

पडून पक्का दात मुळासकट निघाला तर त्याला वरच्या पांढऱ्या भागानेच धरा, मुळाला हात लावू नका. दात हिरडीत परत बसवायला सांगतात, पण फिट्स येणाऱ्या किंवा गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या तोंडात तो सैल ठेवणं धोक्याचं. तो थंड दुधात टाका आणि तासाभराच्या आत, जमल्यास त्याच्याही आधी, दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात निघाला तर तो परत बसवत नाहीत, पण दाखवून आणा.

ब्रश त्यांच्या हातात

मूल कितीही अवलंबून असलं तरी ब्रशला त्याचा हात लागू द्या. दांड्याला फोमची नळी किंवा सायकलची मूठ चढवली की पकड येते, मनगटाला वेलक्रोचा पट्टा लावला की ब्रश निसटत नाही. हातावर हात ठेवून फिरवा. माझी लेक आता वरचे पुढचे चार दात स्वतः घासते. बाकीचे मी. चार झाले की ती ब्रश माझ्याकडे करते, मान टेकवते आणि दहापर्यंतचे आकडे तीच मोजायला लागते, तिच्या पद्धतीने, पापण्या मिटून.